आधी जाऊन बस

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. मधे दोनदा उत्तर लिहायला बसले, पण दोन्ही वेळा पहिल्याच पानावर प्रवचनाचा सूर लागला, म्हणून फाडून टाकलं. प्रवचनं तुला दर रविवारी ऐकायला मिळतात, त्यात माझी भर कशाला?

सकाळी डोळे उघडले की हातात फोन येतो, असं तू लिहिलंस. त्यात युद्ध, कोसळलेल्या इमारती, ढिगाऱ्याखालून काढलेली लेकरं, डोक्यावर बोचकं घेऊन चाललेली माणसं. मग प्रार्थनेला बसावं तर शब्द फुटत नाहीत. आधी निदान रडू तरी यायचं, आता तेही येत नाही. ‘माझा विश्वास मेला की काय?’ असं विचारलंस. आणि सही झाल्यावर, ताजा कलम म्हणून, एवढीच एक ओळ: मित्राचे वडील जाऊन तीन आठवडे झाले, अजून भेटायला गेलेलो नाही, काय बोलावं ते सुचत नाही.

मी उत्तराला ताजा कलमापासून सुरुवात करणार आहे. वॉर्डात चाळीस वर्षं काढली की एक सवय लागते. पेशंट अर्धा तास पाठदुखीबद्दल बोलतो, आणि आपण निघून दाराशी पोचलो की मागून हाक मारतो, ‘सिस्टर, एक विचारू का?’ खरं दुखणं त्या ‘एक विचारू का’मध्ये असतं.

काय बोलावं ते तुला सुचत नाही, हे चांगलं लक्षण आहे. मला सुचायचं. तिथंच घोटाळा झाला.

नर्सिंग संपवून मला वर्षही झालं नव्हतं. एका बाईंचा नवरा आमच्या वॉर्डात गेला. वय असेल पस्तीस-छत्तीस. चादर बदलायची होती आणि त्या बाई पलंगाचा दांडा सोडायला तयार नव्हत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या विश्वासानं म्हणाले, ‘बाई, देवाची इच्छा. तो त्यांना जास्त चांगल्या जागी घेऊन गेला.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. ‘एवढी चांगली जागा आहे, तर तुमच्या घरातल्या कुणाला का नाही नेलं?’

मी चादर तिथंच ठेवून बाहेर आले. पुढं कित्येक महिने मी मनात त्या बाईंनाच बोल लावत राहिले, त्यांचा विश्वास कच्चा म्हणून. (तरुणपणी आपला विश्वास फार पक्का असतो, तो अजून कुणी वापरलेला नसतो.) मग हळूहळू उलगडलं. त्यांच्या दुःखाजवळ मला उभं राहवत नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर एका वाक्याचं झाकण ठेवलं होतं. बाईंनी ते काढून माझ्या हातात परत दिलं, इतकंच.

बायबलातल्या ईयोबावर एकामागून एक संकटं कोसळली. त्याच्या मित्रांना आपण सगळेच नावं ठेवतो. पण दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते काय करतात, ते पुन्हा एकदा वाच. ते लांबून येतात. ईयोब ओळखूही येत नाही, इतका बदललेला असतो. ते मोठ्यानं रडतात आणि मग सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, कुणी एक शब्द काढत नाही. तिथवर त्या तिघांसारखे मित्र शोधून सापडायचे नाहीत. बिघडतं ते तोंड उघडल्यावर. पुढं अध्यायामागून अध्याय ते ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण समजावून सांगतात, देवाची बाजू लढवतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावरच. ईयोबानं देवाला नको नको ते ऐकवलेलं असतं, तरी माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब, असा निवाडा मिळतो. देवाला वकील नको होते, हे मला त्या पुस्तकातून कळायला बरीच वर्षं लागली.

येशूपुढंही लोकांनी हाच प्रश्न ठेवला होता. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली तेव्हा लोकांच्या मनात तेच, ती माणसं जास्त पापी असतील का? दोन्ही वेळा तो ‘नाही’ म्हणतो. आंधळ्याच्या बाबतीत तर बोलता बोलता खाली वाकून माती कालवायला घेतो. आणि मित्र लाजर याच्या कबरेपाशी? आपण थोड्याच वेळात लाजराला जिवंत करणार आहोत, हे येशूला ठाऊक होतं. ‘रडू नका, आता बघा’ म्हणायला त्याला कोण अडवत होतं? पण लाजराच्या बहिणीला, मरियेला, आणि तिच्याबरोबर आलेल्यांना रडताना पाहून तो स्वतःच रडला. योहानानं ते दोन शब्दांत लिहून ठेवलंय. चमत्कार माहीत असूनही तो आधी रडला. आपल्याला तर चमत्कारही माहीत नसतो.

म्हणून मित्राकडे जाताना उत्तर घेऊन जाऊ नकोस. ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’, ‘देव सोसवेल तेवढंच देतो’, ‘धीर धर, तुझ्यापेक्षा वाईट दिवस आलेली माणसं आहेत’, ही तिन्ही वाक्यं घरी ठेवून जा. मधलं तर शास्त्रात, म्हणजे बायबलात, या अर्थानं कुठं नाहीच. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं ते परीक्षा आणि मोह याबद्दल होतं, बाप गेलेल्या मुलाच्या दुःखाचं वजन करण्याबद्दल नव्हतं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, त्या ‘काहीच वाटत नाही’कडे.

येशूनं सांगितलेल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत (शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत ते लोक) आपल्या मराठी शास्त्रात एक शब्द आहे, कळवळा. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला त्याचा कळवळा आला. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. त्या काळची माणसं माया पोटात ठेवायची, आणि मला नेहमी वाटतं की या बाबतीत आपली भाषा त्या भाषेची सख्खी बहीण आहे. आपणही म्हणतो, पोटात तुटलं, आतडं पिळवटलं. दया वरून खाली करता येते, उंबऱ्याच्या आत उभं राहून करता येते. कळवळा आला की माणूस जागचा हलतो. पण एक ध्यानात घे. याजकानंही त्या माणसाला पाहिलं होतं आणि लेव्यानंही, म्हणजे मंदिरातल्या सेवकानंही, पाहिलं होतं. दोघं पाहून पलीकडून निघून गेले. शोमरोनी जवळ आला, मग त्याला पाहिलं, मग कळवळा आला. लूकानं क्रम असाच ठेवलाय.

फोनमधलं दुःख तुला दिसतं, पण त्याच्याजवळ जाता येत नाही. पोटात तुटतं आणि पाय जागीच राहतात. असं दिवसाला पन्नास वेळा झालं, तर पोट काय करील? ते तुटायचं थांबेल. याला विश्वास मेला असं म्हणत नाहीत.

बधिरपणाबद्दल मला वॉर्डातलं थोडं सांगू दे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगानं बोटं झडतात, मांस आपोआप कुजतं, असंच तेव्हा सगळे समजत. ब्रँडनी पेशंटांच्या हातांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की मांस चांगलंच असतं, गेलेली असते ती संवेदना. दुखत नाही म्हणून माणूस तापलेलं भांडं तसंच धरून ठेवतो, पायात खिळा घुसला तरी चालत राहतो. काही जणांची बोटं रातोरात कमी व्हायची. पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि पेशंटला जाग येत नाही. मग त्यांना रात्री जवळ ठेवायला मांजरं दिली. हे ऐकून आम्ही विद्यार्थिनी हसलो होतो. नंतर हसू आलं नाही.

त्या पेशंटांना पुढं शिकवलं काय? रोज संध्याकाळी हातपाय डोळ्यांनी तपासायचे. जे जाणवत नाही ते बघून शोधायचं. बधिरपणाबद्दल पेशंटला कुणी रागावत नव्हतं. एक अवयव दुखावला तर सगळ्या अवयवांना दुःख होतं, असं पौल मंडळीला लिहितो. तुला होत नसेल, तर स्वतःला पापी ठरवून कोपऱ्यात बसू नकोस. रोज रात्री तपास, आज कुठं भाजलं, कुणाच्या बाजूनं पाहून गेलो. एवढं तपासलंस तर पुरे, त्याच रात्री रडू आलंच पाहिजे असं नाही.

बातम्यांचं म्हणशील तर दिवसातून एकदा वाच. बसून वाच, झोपून नको. आणि वाचून झाल्यावर एका ठिकाणचं, एका प्रकारच्या माणसांचं नाव घेऊन प्रार्थना कर, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या भरवशाच्या संस्थेला जमेल ते नेमानं पाठव. थोडं पाठव, पण चुकवू नकोस. यापेक्षा जास्त या विषयावर मला सांगण्यासारखं नाही.

आणि झोपतोस का नीट? हसू नकोस. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला विश्वासाचे धडे दिले नाहीत. उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं, कारण वाट लांबची होती. देव त्याच्याशी बोलला तो चाळीस दिवसांनी.

प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत, तर उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. मंडळीत आपण आनंदाची स्तोत्रं निवडून गातो, त्यामुळं निम्म्या लोकांना वाटतं की देवापुढं तक्रार चालत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघड. जवळपास सगळी विलापस्तोत्रं शेवटी कुठंतरी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी शास्त्राची पुस्तकं जमवली त्यांनी ते गाळलं नाही, वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून खाली दोन ओळी जोडल्या नाहीत. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ तो प्रश्न त्यानं विचारला असेल, तर तूही विचारू शकतोस. मी अनेकदा विचारलाय. माझी बहीण गेली त्या वर्षी तर मी दुसरी प्रार्थनाच केली नाही.

शोमरोन्याकडे पुन्हा येते, कारण तू लिहिलंस की एकट्यानं किती जणांना पुरं पडणार. त्या गोष्टीचा शेवट आपण घाईत वाचतो. शोमरोनी त्या माणसाच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो! मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणतो, याची काळजी घ्या, जास्त लागलं तर परत येताना देईन. तो आपलं काम सोडून कायमचा तिथं राहत नाही. जखमी माणसाचा तारणारा होत नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवतो, पैशांची सोय करतो, आणि परत येण्याचा शब्द देतो. मी नर्स म्हणून सांगते, ड्यूटी संपल्यावर पेशंट पुढच्या शिफ्टच्या हाती नीट सोपवून घरी जाणं, हीदेखील सेवा आहे. जी सिस्टर घरीच जात नाही, तिच्या हातून तिसऱ्या दिवशी चुकीचं औषध दिलं जातं.

याच प्रश्नावर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला एकदा लिहावं लागलं होतं. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलवलं, पण ल्यूथर मागं राहिला. बायको गरोदर होती, आणि त्याच्या घरात आजारी माणसं ठेवलेली होती. दुसऱ्या गावच्या पाळकांनी त्याला विचारलं होतं, ख्रिस्ती माणसानं साथीतून पळावं का? त्याचं उत्तर आजही कामाचं आहे. ज्यांच्यावर माणसांची जबाबदारी आहे, त्यांनी ती वाऱ्यावर सोडून जाऊ नये. ज्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही, ते गेले तर दोष नाही. जो राहील त्यानं औषध घ्यावं, घर धुरी देऊन स्वच्छ करावं, गरज नसेल तिथं जाऊ नये, कारण विनाकारण धोका पत्करणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. मात्र शेजाऱ्याला खरंच आपली गरज असेल, तर जावं. धाडस आणि अक्कल या दोन गोष्टी एकाच पत्रात मागणारा माणूस मला आवडतो.

तू आणखी एक प्रश्न अर्धवट सोडलायस, ‘आणि ज्यांनी आपल्याच लोकांना त्रास दिला, त्यांचं दुःख?’ तो पूर्ण करायला तुला भीती वाटली असावी. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसनं हुकूम काढला की प्रत्येकानं देवतांना यज्ञ करावा. ख्रिस्ती लोकांवर छळ आला, कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घाबरून विश्वास नाकारला. दोनच वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात भयंकर साथ पसरली. लोक आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकून पळू लागले. तिथला बिशप सिप्रियन यानं मंडळीला गोळा केलं आणि सांगितलं, आपल्या माणसांची काळजी घेण्यात विशेष काही नाही, ते तर कुणीही करतो. मग मंडळीनं पैसा आणि श्रम वाटून घेतले आणि काल-परवा आपल्याविरुद्ध ओरडणाऱ्यांचीही सेवा केली. शेजाऱ्यांनी यामुळं त्यांना डोक्यावर घेतलं असं समजू नकोस. ही साथ ख्रिस्ती लोकांमुळेच आली, असंही म्हणणारे होते. सिप्रियनचा २५८ मध्ये शिरच्छेद झाला.

पण तो धडा मुरला. शंभरेक वर्षांनी सम्राट ज्युलियन, ज्याला जुने देव परत आणायचे होते आणि ख्रिस्ती लोक डोळ्यांपुढं नको होते, आपल्या एका धर्माधिकाऱ्याला चिडून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपली माणसं मात्र आपल्याकडून मदतीविना राहतात. विरोधकाच्या चिडक्या पत्रातली साक्ष मला आपल्या लोकांनी लिहिलेल्या दहा स्तुतिग्रंथांपेक्षा जास्त खरी वाटते.

इथं एक गोष्ट मला तुला बजावून सांगायची आहे, आणि यावर मंडळीतल्या काहींशी माझं कधीच पटलेलं नाही. दुःखी माणसाला मदत करताना त्याच्या दुःखाचा गळ करू नकोस. ताटाबरोबर पत्रक सरकवायचं, औषधाच्या बदल्यात उपासनेला येण्याचं वचन घ्यायचं, हे करू नकोस. कुणी विचारलं, ‘तू हे का करतोस?’ तर सरळ सांग, लाजू नकोस. पण त्यानं विचारलं नाही तर? येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले. एकच परत आला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठं आहेत, असं त्यानं विचारलं खरं, पण त्यांचा रोग काही त्यांना परत दिला नाही. ते नऊ जण बरेच राहिले.

पंडिता रमाबाईंचं नाव तू लहानपणापासून ऐकतोस. त्यांचं कार्य किती मोठं, हे सगळे सांगतात. मला त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या पुण्यात होत्या, हाताशी शारदा सदन या विधवांच्या शाळेचा व्याप होता. तरी त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, डोळ्यांनी पाहिलं, आणि विधवा आणि अनाथ मुलींना घेऊन परत आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. आणि त्याच १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हा प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारवर टीका केली. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं होतं आणि त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या, तरी गप्प बसल्या नाहीत. जखम बांधायची आणि जखम कुणी केली हेही विचारायचं, दोन्ही त्यांच्याकडे होतं. मला पहिलं जमलं. दुसऱ्यात मी आयुष्यभर कमी पडले; नोकरी जाईल म्हणून बऱ्याच ठिकाणी मान खाली घातली. तू घालू नयेस असं वाटतं, म्हणून लिहिते.

आता मित्राकडे जाण्याबद्दल, तपशिलात.

इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाची बाई होऊन गेली. आधी नर्स, मग पाठदुखीमुळं ते सोडून रुग्णालयातली समाजसेविका, आणि मरणाच्या दारातल्या माणसांचं कुणी ऐकत नाही म्हणून शेवटी मोठ्या वयात डॉक्टर. तिच्या सगळ्या कामामागं तिची ख्रिस्ती श्रद्धा होती. १९६७ मध्ये तिनं लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं. त्या काळी कॅन्सरच्या पेशंटनं वेदनेनं तळमळून मागितल्याशिवाय औषध मिळत नसे. तिनं औषध घड्याळाप्रमाणे देण्याची पद्धत रुजवली. वेदना परत येण्याआधीच पुढची मात्रा. पेशंटला मागावं लागता कामा नये, भीक मागितल्यासारखं वाटता कामा नये.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य मला आवडत नाही, ते यामुळं. आपण मनापासून म्हणतो, पण मागण्याचं ओझं त्याच्यावरच टाकतो. तीन आठवड्यांनी लोकांचं येणंजाणं थांबतं, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. म्हणजे तू उशिरा जातोयस असं तुला वाटतं, पण तू बरोबर वेळेला पोचतोयस. सॉन्डर्सबाई असंही सांगायच्या की वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, घरच्या माणसांची, पैशाची, देवाशी चाललेल्या भांडणाची, सगळी एकात एक गुंतलेली असते. त्या घरात आत्ता बँकेचे फॉर्म पडून असतील. कुणीतरी रांगेत उभं राहायला हवं असेल. मोबाइलमध्ये वडिलांचा नंबर तसाच असेल आणि तो काढायचा की ठेवायचा, हे ठरत नसेल. ‘शनिवारी दहा वाजता येतो, तुझ्याबरोबर बँकेत येतो’ असं सांग. तारीख आणि वेळ सांग, आणि पोच.

माफी एकदाच माग: ‘यायला उशीर झाला, काय बोलावं कळत नव्हतं.’ दुसऱ्यांदा मागितलीस तर तोच तुझं सांत्वन करत बसेल. वडिलांबद्दल विचार. त्यांचं नाव घे. लोकांना वाटतं, विषय काढला तर त्याला आठवण होईल. त्याला दुसरं काही आठवतच नसतं, रे. तो गप्प बसला तर तूही बस, फोन बाहेर काढू नकोस. तो देवावर चिडला तर देवाची बाजू घेऊ नकोस. ईयोबाच्या मित्रांचं काय झालं, ते वर लिहिलंच आहे. प्रार्थना करायची का, हे त्याला विचार. ‘नको’ म्हणाला तर नको, घरी जाऊन कर. ‘हो’ म्हणाला तर दोन वाक्यांत कर. पाळकांचं अनुकरण नको.

पंधरा दिवसांनी पुन्हा जा. वडिलांच्या वाढदिवसाची तारीख त्याला विचारून लिहून ठेव, आणि पहिल्या वर्षी त्या दिवशी त्याला फोन कर.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण शुक्रवारी वॉर्डात भेटायला अजून जाते. परवा एका आजोबांजवळ बसले होते. पाऊण तास ते काही बोलले नाहीत, मीही नाही. उठायला लागले तर म्हणाले, ‘एवढ्यात?’

तुझ्या मित्राची आई आहे ना अजून? तिच्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तिचं नाव कळव. मी सकाळच्या प्रार्थनेत माणसांना नावानं घेते, आणि ‘त्या मित्राची आई’ म्हणून घ्यायला मला बरं वाटत नाही.

तुझी,
मावशी